दोरा सुईत जाईना, आणि आम्ही बघत होतो कमरेकडे

ब्लाउज शिवणाऱ्या एका काकूंचं हे प्रकरण. नाव देत नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदलले आहेत. आजार ज्या क्रमाने उलगडला तो क्रम मात्र तसाच ठेवलाय, माझ्या चुकीसकट.

काकूंचं वय ५८. पर्वतीच्या पायथ्याशी दोन खोल्यांचं घर, दुसरा मजला, लिफ्ट नाही. तीसेक वर्षं घरीच ब्लाउज, परकर, फॉल-पिको. गिऱ्हाइकं ठरलेली, दिवाळी आणि लग्नसराईत रात्री बारापर्यंत मशीन चालू. डायबेटिस अकरा वर्षं, गोळ्यांवर ताब्यात. मी फिजिओथेरपिस्ट, माझं क्लिनिक त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. गणपती उठल्यावर चारपाच दिवसांनी मुलगा त्यांना स्कूटरवरून घेऊन आला. काकूंच्या हातात एमआरआयचं ते मोठं पाकीट आणि मुलाच्या खिशात चिठ्ठी: कमरेचे व्यायाम, ट्रॅक्शन, दहा सिटिंग.

"पाय जड पडतात हो ताई," काकू म्हणाल्या. "चालताना भरवसाच वाटत नाही. कंबर तर काय, कायमचीच."

पाकिटातला रिपोर्ट मी वाचला, म्हणजे सगळे वाचतात तसा वाचला: पहिल्या पानाच्या तळाशी 'इम्प्रेशन', म्हणजे निष्कर्ष, त्यातली पहिली ठळक ओळ. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी मागे फुगलेली, तिथल्या नसेवर थोडा दाब. रिपोर्ट खोटा नव्हता. पण पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या कमरेचा एमआरआय काढावा आणि त्यात एकही गादी फुगलेली दिसू नये, असं कमीच होतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कंबर अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांचे स्कॅन पाहिले गेले. पन्नाशीतल्या साठ टक्के लोकांत बल्ज होता, विशीतल्या तीस टक्क्यांतही. केस पिकतात तशी गादी फुगते. दुखण्याचं कारण तीच आहे हे वेगळं सिद्ध करावं लागतं, आणि ते फोटो बघून होत नाही, माणसाला हात लावून होतं.

हे मला पाठ आहे. शिकायला येणाऱ्या मुलांना मी हेच सांगते. तरी त्या दिवशी काय केलं? पाय सरळ उचलून पाहिला, अंगठ्याची ताकद पाहिली, कंबर किती वाकते ते मोजलं, आणि ट्रॅक्शन लावलं. गुडघ्यावर मारायची छोटी हातोडी ड्रॉवरमध्येच राहिली. संध्याकाळी साडेसातची वेळ, बाहेर चार जण बसलेले. रिपोर्टने उत्तर दिलेलं होतं, मी प्रश्नच विचारला नाही.

तीन सिटिंग अशीच गेली. "बरं वाटतंय का?" "वाटतंय थोडं." पेशंट बऱ्याचदा आपल्याला वाईट वाटू नये म्हणून बरं वाटून घेतात.

चौथ्या दिवशी काकू पडद्याआड ब्लाउजचे हूक लावत होत्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी आवाज दिला. "आले हो, हे हूक मेले सापडतच नाहीत बोटांना." मी पडदा सरकवून आत गेले. ज्या बाईने आयुष्यात हजारो हूक-काजं केली असतील, ती पुढच्याच हुकाशी झटत होती. बोटं हुकावरून घसरत होती. दुखत नव्हतं काही. बोटं नुसती ऐकत नव्हती.

मग मी स्टूल ओढून बसले आणि जे पहिल्या दिवशी विचारायचं ते विचारायला लागले.

सुईत दोरा जात नाही, दीड वर्ष झालं. त्यांना वाटलं डोळे गेले. मोतीबिंदू होताच, त्याचं ऑपरेशनही झालं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले नजर उत्तम आहे, तक्त्यावरची बारीक अक्षरं त्यांनी धडाधड वाचली. दोरा तरी जाईना. मग वाटलं, वय झालं.

पायमशीनला आठ महिन्यांपूर्वी मोटर बसवून घेतली. का? "पाय ठेका चुकतो हो. पायपट्टी उलटी फिरते आणि दोरा तुटतो." सगळ्यांना वाटलं, बरं झालं, आईचे कष्ट वाचले.

मोटर बसवल्यापासून मान खाली घालून शिवायला बसलं की कधीकधी पाठीतून करंट जातो, थेट पायापर्यंत. यावर त्यांनी इलेक्ट्रिशियन बोलावून मशीनचं अर्थिंग तपासून घेतलं होतं! त्याने दोनशे रुपये घेतले आणि प्लगही बदलून दिला. मला हसू आलं आणि लगेच विरलं, कारण मान वाकवल्यावर पाठीत उतरणाऱ्या या करंटला वैद्यकात नाव आहे आणि तो मशीनमधून येत नाही.

दर सोमवारी पर्वती चढायच्या, १०३ पायऱ्या. चढण अजून जमत होती. उतरताना पाय कुठे पडतोय ते कळेना, म्हणून चारेक महिन्यांपासून जाणं बंद. आणि शेवटी, मुलगा औषधं आणायला बाहेर गेल्यावर, हळू आवाजात: "लघवी लागली की धरवत नाही."

या सगळ्याला घरात आपापली कारणं होती. डोळे, वय, कंबर, साखर, जुनं वायरिंग. एकेक कारण पटण्यासारखंच होतं.

हातोडी काढली. गुडघ्याच्या वाटीखाली हलकेच टोकलं तर पाय असा उडाला की माझ्या मांडीवर बसला. इथे थोडं शरीरशास्त्र सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मेंदूतून निघालेला मज्जारज्जू पाठीच्या कण्यातून खाली येतो, पण कंबरेच्या शेवटापर्यंत जात नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याखाली उरतो तो सुट्या नसांचा झुपका, घोड्याच्या शेपटीसारखा. म्हणजे चौथ्या-पाचव्या मणक्याशी दाब आला तर तो नसांवर येतो, आणि नस दबली की हातोडीने उठणारा तिचा झटका मंदावतो किंवा नाहीसा होतो. अकरा वर्षांच्या डायबेटिसनेही तो मंदच व्हायचा. काकूंचा उलट उसळत होता. झटका उसळतो तेव्हा वरून येणारा मेंदूचा लगाम सैल झालेला असतो, म्हणजे मज्जारज्जूलाच कुठेतरी वर इजा असते. कमरेच्या बल्जने हे होऊच शकत नाही. हातही बिघडलेत म्हटल्यावर जागा मानेत.

मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली, तर अंगठा आपोआप आत वळला. मूठ उघड-झाक करायला सांगितली, दहा सेकंद घड्याळ लावून. निरोगी माणूस वीस वेळा तरी करतो. काकूंचं उजव्या हाताने ११, डाव्याने ९ झालं, आणि डाव्या हाताची करंगळी बाकीच्या बोटांपासून लांब सरकत गेली. पाय जुळवून डोळे मिटायला लावले तर लगेच तोल गेला, मी धरलं म्हणून बरं.

मग पाकीट पुन्हा उघडलं. कमरेच्या एमआरआयबरोबर हल्ली बऱ्याच ठिकाणी संपूर्ण कण्याचा एक झटपट फोटो काढतात, स्क्रीनिंग म्हणतात त्याला. फिल्मच्या कोपऱ्यात, बोटाएवढा. त्यात मानेच्या जागी पांढऱ्या पट्ट्याला मधेच चिमटा घेतल्यासारखं दिसत होतं. आणि रिपोर्टचं दुसरं पान उलटलं तर 'इम्प्रेशन'ची पाचवी ओळ तिथे एकटीच पडलेली: मानेत मज्जारज्जूवर दाब, स्वतंत्र तपासणी करावी.

काकू ते पाकीट घेऊन दोन डॉक्टरांकडे आणि माझ्याकडे अशा तीन ठिकाणी फिरल्या होत्या. पान कुणीच उलटलं नव्हतं. अशा आजारात हे पुष्कळ होतं. २०१३ साली इस्रायलमधल्या ४२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी दोन वर्षांहून जास्त काळ गेला होता. हे वाचून माझं काही हलकं झालं नाही.

मुलाला सांगितलं, ट्रॅक्शन आणि व्यायाम बंद. तो म्हणाला, "मॅडम, रविवारी एक मालिशवाला येणार होता. मान मोडून देतो, आमच्या सोसायटीतल्या दोघांना फरक पडला." आतून चिमटा बसलेला मज्जारज्जू आणि वरून मान कडकन फिरवणारे हात. त्याला मी एरवी कुणाशी बोलत नाही इतक्या ठामपणे सांगितलं, की मानेला कुणीही हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही.

पुढचा प्रश्न त्याने अगदी योग्य विचारला: "हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं की न्यूरोसर्जनकडे?"

मणक्याची ऑपरेशनं दोघंही करतात. न्यूरोसर्जन मेंदू आणि मज्जारज्जूच्या शिक्षणातून मणक्याकडे येतो. ऑर्थोपेडिक स्पाइन सर्जन आधी तीन वर्षं हाडांचं पदव्युत्तर शिक्षण घेतो आणि मग वर्ष-दोन वर्षं फक्त मणक्याचं काम शिकतो. मज्जारज्जूच्या आवरणाच्या आतली गाठ असेल तर न्यूरोसर्जनच. पाठीचा बाक, मणक्याचं फ्रॅक्चर, एक मणका दुसऱ्यावरून पुढे सरकणं, अशा जिथे हाडांचा तोल सावरायचा असतो तिथे ऑर्थोपेडिकवाले घरच्यासारखे वावरतात. मधलं मोठं मैदान सामाईक आहे. काकूंचा आजार त्या मैदानातला. मी ज्यांच्याकडे पाठवलं ते ऑर्थोपेडिक होते, कारण ते माझ्या माहितीचे होते आणि ऑपरेशन नको म्हणून सांगताना मी त्यांना पुष्कळदा पाहिलंय.

सोबत मीही गेले. त्या संध्याकाळी बाहेरच्या बाकड्यावर दीड तास बसलो. शेजारी आठवीतली एक मुलगी, पाठीचा कणा एका बाजूला वळलेला, शाळेच्या गणवेशाखाली पट्टा. उंची वाढण्याचं वय संपेपर्यंत वळण वाढू नये म्हणून. तिच्या पलीकडे नवले पुलाच्या उतारावर गाडीवरून पडलेला तरुण, कमरेच्या वरचा मणका दबलेला, पण नसा शाबूत, म्हणून त्याला नुसता ब्रेस. एक आजोबा थोडं चाललं की पोटऱ्या भरून येतात, वाकून उभं राहिलं की मोकळं वाटतं म्हणत होते. भाजी घ्यायला जाताना सायकल हाताने ढकलत नेतात, टेकायला. कमरेतली नसांची वाट अरुंद झाल्याचं इतकं नेमकं वर्णन पुस्तकातही नसतं. एक बाई टीबीच्या गोळ्यांवर होत्या. मणक्याचा टीबी आपल्याकडे अजून भरपूर आहे. पर्सिव्हल पॉट या इंग्लिश सर्जनने १७७९ मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून त्याला पॉटचा आजार म्हणतात. बहुतेकांना तो औषधांनीच बरा होतो. पू मज्जारज्जूवर दाबत असेल किंवा पाठीला बाक यायला लागला असेल तर सर्जनचं काम सुरू होतं.

चौदा पेशंट झाले, त्यातल्या दोघांना ऑपरेशनची तारीख मिळाली. बाकीच्यांना गोळ्या, व्यायाम, 'सहा आठवड्यांनी या'. पायात कळ जाणाऱ्या सायटिकाच्या एका तरुणाला सर्जन दारातच सांगत होते, की बहुतेकांचं दीड-दोन महिन्यांत आपोआप ओसरतं. पण बसायच्या जागेला बधिरपणा आला किंवा लघवी अडली तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री यायचं. हे शेवटचं वाक्य त्यांनी त्या मुलाकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

काकूंना त्यांनी आधी चालायला लावलं. पाकिटाला हात लावला नाही. मग टाचेला बोट जुळवून, एका रेषेत. दुसऱ्याच पावलाला काकू भिंतीकडे कलल्या. "मावशी, आता वरचा एक हूक काढा आणि परत लावा." हे करताना ते घड्याळाकडे बघत होते. नंतर एका कागदावर आकडे मांडले. मज्जारज्जूच्या या आजारासाठी जपानी अस्थितज्ज्ञांच्या संघटनेची एक गुणपट्टी आहे, तिची सुधारलेली आवृत्ती जगभर वापरतात: हात ५, पाय ७, संवेदना ३, लघवी ३, एकूण १८. मूळ जपानी पट्टीत हाताची परीक्षा चॉपस्टिकने जेवता येतं का यावर आहे. सुधारलेल्या पट्टीत चमचा आणि शर्टाची बटणं आली. इथे हूक. काकूंना हाताचे ३, पायांचे ४, संवेदनेचे २, लघवीचे २, म्हणजे ११ मिळाले. ११ किंवा त्याखाली म्हणजे आजार तीव्र.

मानेचा नीट एमआरआय झाला आणि सर्जननी सीटी स्कॅनही मागितला. काकूंचा मुलगा कुरकुरला, एवढ्या तपासण्या कशाला. सीटी बघितल्यावर कळलं कशाला. मणक्यांच्या मागच्या बाजूने, मज्जारज्जूच्या वाटेला लागूनच, एक लांब पट्टीसारखा स्नायुबंध वरपासून खालपर्यंत जातो. काही लोकांत त्याचं हळूहळू हाड बनत जातं. जपानमध्ये हा आजार आधी ओळखला गेला, तिथल्या प्रौढांत त्याचं प्रमाण १.९ ते ४.३ टक्के आढळलंय, त्यामुळे एके काळी त्याला जपानी आजारच म्हणत. आपल्याकडेही तो काही दुर्मीळ नाही, आणि डायबेटिसशी त्याचं नातं आहे. एमआरआयमध्ये ही पट्टी नुसती काळी दिसते, गादी की हाड ते नक्की सांगता येत नाही. सीटीत ती खडूसारखी पांढरी उठते. काकूंच्या चौथ्या ते सहाव्या मानेच्या मणक्यामागे ती सहा मिलिमीटर जाड झाली होती. वाट मुळातच तेरा मिलिमीटरची. उरले सात. मज्जारज्जूची स्वतःची जाडी आठेक असते. त्याला आत कसं बसायचं? दाबाच्या जागी मज्जारज्जूत एक पांढरट डागही पडला होता.

"मावशी, हे व्यायामाने विरघळणारं नाही," सर्जन म्हणाले. "ऑपरेशन कशासाठी, ते आधी ऐका. जे चाललंय ते थांबावं म्हणून. गेलेलं किती परत येईल ते मी सांगू शकत नाही. थोडं येतं, बहुतेकांना येतं. पण मी आज कबूल करतोय ते फक्त थांबण्याचं."

मला हे बोलणं आवडलं. सौम्य आजारात लक्ष ठेवून, देखरेखीखाली व्यायाम करून काही काळ थांबता येतं. मध्यम आणि तीव्र आजारात ऑपरेशन करावं, असंच २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. पण पेशंटसमोर सूचना नसतात, दिवाळी असते.

"चाळीस ब्लाउज घेतलेत हो," काकू म्हणाल्या. "दिवाळी होऊ द्या."

सर्जननी घाई केली नाही की घाबरवलं नाही. एवढंच विचारलं, घरात फरशी कसली आहे, मोरीला उंबरा आहे का, रात्री उठावं लागतं का. रात्री दोनदा उठावं लागायचं. मग समजावलं, की वाट इतकी अरुंद असताना साधं घसरून मान मागे झटकली गेली तरी हातपाय एका क्षणात जाऊ शकतात. त्या रात्री मुलाने मोरीपाशी रबरी मॅट टाकली. आणि दोन दिवसांनी काकूंनी चाळीस गाठोडी बाहेर काढली, प्रत्येकात मापाचा ब्लाउज, कापड आणि अस्तर, आणि ज्या बाईशी त्यांची वीस वर्षं स्पर्धा होती तिला बोलावून ती दिली. मला वाटतं, ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करणं त्यांना त्यापेक्षा सोपं गेलं असेल.

नातेवाइकांचं ठरलेलं वाक्य आलंच: मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस अंथरुणाला खिळतो. सर्जननी ते हसण्यावारी नेलं नाही. धोके एकेक करून सांगितले: जंतुसंसर्ग, रक्तस्राव, मज्जारज्जूला इजा, आणि एक विचित्र गोष्ट, वीसातल्या एखाद्याला नंतर खांदा काही महिने लुळा पडतो. मग म्हणाले, "जे खिळलेले तुम्ही पाहिलेत, त्यातले पुष्कळ जण फार उशिरा आलेले असतात."

मान पुढून उघडायची की मागून, यावर त्यांनी बराच वेळ घालवला. पुढून गेलं तर दाबणारं हाड थेट काढता येतं. पण या आजारात ते हाड कधीकधी मज्जारज्जूच्या आवरणालाच चिकटलेलं असतं, काढताना आवरण फाटतं. मागून गेलं तर त्या हाडाला हात न लावता वाट मागच्या बाजूने रुंद करायची, मज्जारज्जू मागे सरकतो आणि मोकळा होतो. मात्र मानेचा नैसर्गिक बाक शाबूत असेल तरच. त्यासाठी एक्स-रेवर दुसऱ्या आणि सातव्या मणक्याच्या वाटेचे मध्य जोडणारी रेघ मारतात. हाड त्या रेघेच्या पुढेच राहिलं तर मागून चालतं. सर्जननी साध्या पट्टीने, पेन्सिलीने ती रेघ मारली. हाड रेघेच्या अलीकडे थांबलं होतं. मागून जायचं ठरलं.

ऑपरेशन दसऱ्याच्या आधल्या आठवड्यात झालं. मी आत नव्हते, कळलं ते सांगते. भूल देताना नळी घालायला मान मागे वाकवायची नाही, म्हणून जाग असतानाच, घसा बधिर करून, दुर्बिणीने नळी घातली. पालथं झोपवून डोकं क्लँपमध्ये पक्कं. हातापायांना तारा, मज्जारज्जूतून संदेश जातोय की नाही ते सतत कळावं म्हणून. रक्तदाब पडू दिला नाही, कारण दबलेल्या मज्जारज्जूला कमी रक्तपुरवठा सोसत नाही. मग तिसऱ्यापासून सहाव्या मणक्यापर्यंत मागची हाडाची कमान एका बाजूने पूर्ण कापली आणि दुसऱ्या बाजूने नुसती कोरून पातळ केली. दार बिजागरीवर उघडावं तशी ती कमान उघडली आणि पुन्हा मिटू नये म्हणून नखाएवढ्या पट्ट्या स्क्रूने बसवल्या. ही 'उघड्या दाराची' पद्धत जपानमध्ये १९७० च्या दशकात निघाली. मणके एकमेकांना जखडत नाहीत, त्यामुळे मानेची हालचाल बरीचशी राहते. तीन तास लागले.

दुसऱ्या दिवशी काकू वॉकर धरून उभ्या राहिल्या. मुलाने व्हिडिओ पाठवला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचाच फोन, आवाज फुटलेला: आईचा डावा हात खांद्यातून उचलत नाहीये. मूठ वळते, कोपर जेमतेम वाकतं, पण हात डोक्यापर्यंत जात नाही. सर्जननी रात्रीच एमआरआय करून आत रक्ताची गाठ दाबत नाही ना ते पाहिलं. नव्हती. म्हणजे तीच वीसातली एक गोष्ट. मज्जारज्जू मागे सरकला की मानेची पाचवी नस ताणली जात असावी, असा एक अंदाज आहे. नेमकं कारण अजून वादातच आहे. आधी सांगितलेलं होतं तरी घर हादरलंच. "चांगल्या हाताची वाट लावली" असं एक मामा वॉर्डातच मोठ्याने म्हणाले.

पाच दिवसांनी घरी, बाराव्या दिवशी टाके. त्यानंतर काकू माझ्याकडे आल्या, आणि इथून माझं खरं काम सुरू झालं. खांद्याला आधी गुरुत्वाचं ओझं नको म्हणून टेबलावर पावडर टाकून हात सरकवायचा. त्याची त्यांना फार मजा वाटे, "कापडावर खडू फिरवतेय जणू." मानेचे स्नायू मागून कापलेले, ते दमायचे, मान न हलवता नुसता जोर लावण्याचे व्यायाम. तोलासाठी क्लिनिकच्या फरशीच्या सांध्यावरून पाऊल जुळवत चालणं. आणि बोटांसाठी मी काही थेरपीचं साहित्य आणलं नाही. त्यांचीच हूक-काजांची डबी मागवली. आधी मोठी बटणं, मग प्रेसबटणं, मग हूक. एका जुन्या चिंधीवर सहा हूक शिवायचे आणि वेळ लिहून ठेवायची. पहिल्या आठवड्यात सहा हुकांना बावन्न मिनिटं लागली आणि दोनदा सुई टोचली. दुसऱ्यांदा टोचल्यावर त्या खूश झाल्या. आधी टोचलेलं कळतच नव्हतं.

खांदा साडेपाच महिन्यांनी वर गेला. संक्रांतीला हळदीकुंकवाला आल्या तेव्हा वाण डाव्या हाताने देता येईना; होळी झाल्यावर एक दिवस त्यांनी सहज वरच्या दांडीवर टॉवेल टाकला आणि दोघींच्याही ते एकदमच लक्षात आलं.

एका वर्षाने सर्जननी पुन्हा तीच पट्टी काढली. हात ४, पाय ५, संवेदना २, लघवी ३. अकराचे चौदा. मूठ दहा सेकंदांत उजवीने १७, डावीने १५. रात्री उठणं एकदावर आलं. मान खाली घातल्यावरचा करंट पूर्ण गेला. बोटांच्या टोकांचा बधिरपणा आहे तसाच आहे, आणि तो जाईल असं कुणी म्हणत नाही. हुकांची डबी आता त्यांच्या घरी परत गेली आहे. सहा हुकांना चौदा मिनिटं लागतात. पूर्वी, त्या म्हणतात, पाच लागायची. गिऱ्हाइकं अर्धी ठेवली, अर्धी त्या दुसऱ्या बाईंकडेच राहिली. मशीनची मोटर काढलेली नाही. दोरा ओवायला तुळशीबागेतून दहा रुपयांची ती पत्र्याची चकती आणली, तारेचा फास असलेली.

परवा सोमवारी पर्वतीवरून उतरून थेट माझ्याकडे आल्या, घामाघूम. उतरताना कठडा धरला का, मी विचारलं. "एका हाताने," म्हणाल्या.

"आणि कंबर?"

"कंबर काय," स्टुलावर टेकत काकू म्हणाल्या, "ती आहेच."